शेवटची वीतभर जागा : दवाखान्यात अवजड सामान हलवताना बोटं कशी सांभाळायची

दवाखान्यात नवीन लागलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात पुष्कळ गोष्टी शिकवतात. सुई कुठे टाकायची, कुठल्या रंगाच्या पिशवीत काय जातं, पेशंटला कुशीवर कसं वळवायचं. प्राणवायूचा जंबो सिलिंडर कसा न्यायचा हे मात्र कुणी शिकवत नाही. "तो तिकडचा इकडे आण" असं सांगतात, आणि पोरगा अंगात जोर असतो म्हणून आणतो. हा लेख त्या पोरासाठी आहे, आणि त्याच्याइतकंच वजन ओढणाऱ्या पण ज्यांच्या कामाला कुणी वजन उचलणं म्हणत नाही त्या मावशींसाठी.

मी कोकण किनाऱ्यावरच्या दवाखान्यांत २६ वर्षं काम केलं. आधी वॉर्डबॉय, मग ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस, आणि शेवटची काही वर्षं नव्या माणसांना काम दाखवणारा. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट पोर्टेबल एक्स-रे मशीन आणि दरवाज्याची चौकट यांच्यात सापडलं. मशीन धावत नव्हतं, मुंगीच्या पावलाने चाललं होतं. नख गेलं, टोकाचं हाड फुटलं. हाड जुळलं, पण टोकाला पूर्वीची जाण परत आली नाही. शर्टाचं बटण मी अजून उजव्या हातानेच लावतो.

त्यानंतर चेंगरलेली बरीच बोटं पाहिली आणि प्रत्येक वेळी विचारत गेलो, नेमकं कधी झालं? उत्तर जवळजवळ एकच यायचं. सामान सगळा व्हरांडा नीट येतं आणि शेवटच्या वीतभर जागेत बोट जातं. कारण तिथे सामानाची गाठ न हलणाऱ्या वस्तूशी पडते. भिंत, चौकट, खाट, लिफ्टची कड, शेजारचा सिलिंडर. माणसाचं लक्ष तोवर "पोचलो एकदाचे" याकडे गेलेलं असतं आणि हात मात्र अजून कडेलाच असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या वीतभर जागेसाठी आहेत.

पहिली पायरी : हात रिकामे करा

ड्यूटीवर चढताना अंगठी काढून डब्यात ठेवा. लग्नातली असो, पुष्कराजाची असो, देवस्थानची असो. अंगठी खिळ्यात, कडीत किंवा खाटेच्या पत्र्यात अडकली आणि त्याच क्षणी सामान खाली गेलं, तर अंगठीबरोबर बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. मी हे एकदाच पाहिलं आहे, आणि ते बोट वाचलं नाही. अंगठी निघतच नसेल तर साबणाचं पाणी लावून, हात थोडा वेळ वर धरून सावकाश फिरवून काढा. तरीही निघाली नाही तर सोनाराकडून कापून घ्या. सूज आल्यावर कापण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

कडं, घड्याळ, मनगटाला बांधलेला जाड गंडा यांचंही तेच. मावशींच्या काचेच्या बांगड्यांबद्दल बोलणं नाजूक असतं, मला कळतं. पण खाटेच्या दांड्याखाली फुटलेली काच मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे शिरा आणि स्नायूंच्या दोऱ्या अगदी वर असतात, तिथेच शिरते. आमच्याकडच्या दोन मावशींनी ड्यूटीपुरती एकेक पातळ धातूची बांगडी ठेवली आणि बाकीच्या घरी काढून ठेवायला सुरुवात केली. त्यांचं पाहून इतरांनीही केलं.

आता तेल. कोकणात सकाळी डोक्याला खोबरेल लावून, तोच हात तोंडावरून फिरवून घराबाहेर पडायची पद्धत आहे. तेलकट तळव्यातून लोखंड निसटतं, हे एक. दुसरं त्याहून गंभीर. दाबाखालचा प्राणवायू आणि तेल किंवा ग्रीस एकत्र आले तर पेट घेऊ शकतात. म्हणून सिलिंडरच्या व्हॉल्व्हला किंवा रेग्युलेटरला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा आणि कोरडे करा. सॅनिटायझर चोळला असेल तर तो पूर्ण वाळू द्या, कारण त्यातलं अल्कोहोलही जळतं.

हातमोज्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. तपासणीचे पातळ रबरी मोजे रक्तापासून वाचवतात, लोखंडापासून नाही. वजनाच्या कामाला चामड्याचे किंवा तळव्यावर रबराचे ठिपके असलेले सुती मोजे लागतात, आणि ते तुमच्या मापाचे लागतात. ढगळ मोज्याचं टोक चाकात किंवा खाटेच्या हँडलमध्ये जातं आणि बोटाला मागोमाग ओढून नेतं. स्टोअरकडे मागा. "मोजे घालून काम होत नाही" असं जुनी माणसं म्हणतील. पंधरा दिवस घालून काम केलं की होतं.

दुसरी पायरी : रिकाम्या हाताने वाट चालून या

सामानाला हात लावण्याआधी जिथून न्यायचं आहे तिथून जिथे ठेवायचं आहे तिथपर्यंत एकदा चालत जा. दोन मिनिटं लागतात. उंबरठा कुठे आहे? कुठली फरशी उचललेली आहे? दार कुठल्या बाजूला उघडतं आणि आपोआप मिटतं का? मिटत असेल तर ते धरायला तिसरा माणूस हवा. पाय किंवा कोपर लावून दार अडवणाऱ्या माणसाचा दुसरा हात नेमका चौकटीवर असतो.

आपल्याकडच्या इमारतींना स्वतःची खोड आहे. बरेच जुने दवाखाने कौलारू होते, मग वाढत गेले. जांभ्याचा जुना भाग, मध्ये स्लॅबचा जोड, पुढे नवी विंग, आणि प्रत्येक जोडाला इंच-दोन इंचांचा फरक. चाक तिथे अडकतं, सामान पुढे झुकतं आणि माणूस ते सावरायला हात पुढे टाकतो. अशा जोडावर कायमची लोखंडी पट्टी किंवा फळी बसवून घ्या. ती येईपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढा. मी स्वतः ब्रश घेऊन ओढली आहे.

पावसाळ्यात ही वाट दोनदा पाहा. रत्नागिरीला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि व्हरांड्यातून आत आलेलं पाणी, ओल्या छत्र्या, नातेवाइकांच्या चपलांचा चिखल हे सगळं रॅम्पवर येतं. रॅम्पवरून उतरताना तुम्ही घसरलात तर सामान तुमच्या मागे येणार आहे. म्हणून उताराला माणूस नेहमी सामानाच्या वरच्या बाजूला राहून ते मागे धरून ठेवेल. खालून पोट लावून अडवणारा शूर दिसतो खरा, पण भिंतीशी चेंगरतो तोच.

तिसरी पायरी : चाकं बघा

खारी हवा चाकं खाते. मुंबई-पुण्यात पाच वर्षं टिकणारं चाक इथे कधी दुसऱ्याच पावसाळ्यात कुरकुरायला लागतं. वरून रंग चांगला असतो, आत बेअरिंग गंजलेलं. त्यात गॉजचे धागे, केस, झाडूच्या काड्या गुंतलेल्या. असं चाक दहा वेळा चालतं आणि अकराव्या वेळी ऐन दारात फिरायचं थांबतं. मग सामान एका बाजूला गिरकी घेतं आणि त्या बाजूचा हात चौकटीवर आपटतो.

पायाने प्रत्येक चाक थोडं फिरवून पाहा. ब्रेक लावून पाहा, सोडून पाहा. गुंतलेले धागे चिमट्याने काढा, बोटाने नाही. तेल घालायचं असेल तर घाला, पण ऑक्सिजनच्या ट्रॉलीच्या चाकाला तेल घातलेला हात धुतल्याशिवाय सिलिंडरकडे नेऊ नका. चाक अडतंच असेल तर त्या ट्रॉलीला चिठ्ठी बांधून बाजूला काढा. नुसतं कोपऱ्यात ठेवलं तर रात्रपाळीवाला तीच घेऊन जातो.

चौथी पायरी : हात कुठे राहणार ते ठरवा

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मालवणकडचे एक मामा होते. त्यांचं सगळं प्रशिक्षण एका वाक्यात असायचं, "बोटां खंय आसत ती आदी बघ, मगे ढकल." तेवढ्यावर त्यांनी तीसेक वर्षं काढली आणि दहाही बोटं शाबूत घेऊन निवृत्त झाले.

सामानाला हँडल असेल तर हात हँडलवरच. नसेल तर तळवा सपाट ठेवून ढकला. कोपऱ्याला मूठ मारू नका, कारण कोपरा हाच सगळ्यात आधी भिंतीला लागतो. हात सामानाच्या रुंदीच्या आत ठेवा. म्हणजे सामान भिंतीला घासलं तर रंग जाईल, बोट जाणार नाही. जिथे शक्य आहे तिथे ओढण्यापेक्षा ढकला. ओढताना माणूस उलटा चालतो, मागचं दिसत नाही, आणि मागे भिंत आली की सामान अंगावर येतं.

जागेवर नेताना शेवटच्या वीतभर अंतरात एकदा पूर्ण थांबा. खरोखर थांबा. हात काढा, पाहा, पुन्हा सपाट तळव्याने किंवा पायाने सारून बसवा. एवढी एक सवय लागली तर या लेखातलं बाकीचं अर्धं विसरलात तरी चालेल.

आणि पडणारी वस्तू पकडू नका. हे शिकणं सगळ्यात अवघड, कारण आपल्या अंगात हात पुढे करायचीच सवय असते. मॉनिटर महाग आहे, साहेब ओरडतील, हे सगळं डोक्यात येतं. येऊ दे. एका हातात २७ हाडं असतात, आणि बोटांमध्ये तर मांसल स्नायू नसतातच. ती हलवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात आणि दोऱ्यांसारखे बोटांपर्यंत जातात. मांडीवर पडलेला मार मांस थोडा तरी झेलतं. बोटावर पडलेला थेट हाडावर आणि त्या दोऱ्यांवर जातो.

पाचवी पायरी : एकच आवाज

दोघांहून जास्त माणसं असली की एकाने बोलायचं. तो सगळ्यात मोठा हवा असं नाही, ज्याला वाट दिसते तो. "एक, दोन, तीन" म्हणण्याआधी हे नक्की करा की 'तीन'ला उचलायचं की 'तीन'नंतर. हसू येईल, पण निम्मी माणसं एक समजतात आणि निम्मी दुसरं. मग एक बाजू आधी वर जाते आणि दुसऱ्या बाजूची बोटं खाली राहतात. "थांब" मात्र कुणीही म्हणायचं, आणि ते ऐकलं की कारण न विचारता सगळ्यांनी थांबायचं.

शिमग्यात पालखी नाचवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कुणाचा खांदा कधी बदलायचा, कोण आत शिरणार, कोण बाहेर पडणार हे गर्दीतही कळतं, कारण सगळे ढोलाच्या एकाच ठेक्यावर असतात. गावची ही मुलं दवाखान्यात आली की मात्र एकेकटी ओढायला लागतात. मी त्यांना पालखीचीच आठवण करून देतो.

सहावी पायरी : सिलिंडर

यावर थोडं जास्त बोलणार आहे, कारण जिथे पाइपलाइन नाही किंवा ती अपुरी आहे अशा लहान दवाखान्यांत दिवसभर हेच काम असतं.

प्राणवायूचा सिलिंडर काळा असतो आणि त्याचा खांदा पांढरा. लहान बी-टाइप एकट्याने नेता येतो. मोठा डी-टाइप, म्हणजे आपला जंबो, सुमारे सात घनमीटर वायू धरतो आणि भरलेला असताना वजन साधारण ६५ ते ७० किलोंच्या घरात जातं. नवीन माणसाची पहिली चूक इथे होते. रिकामा म्हणजे हलका, असं त्याला वाटतं. आतल्या वायूचं वजन जेमतेम नऊ किलो असतं, बाकी सगळं पोलाद. रिकामा सिलिंडरही तुमचं बोट तितकंच चेंगरतो, आणि रिकाम्याकडेच लोक दुर्लक्ष करतात.

न्यायचा तर ट्रॉलीवर, साखळी लावून, व्हॉल्व्हवरची टोपी बसवून. टोपीच्या भोकात बोट घालून ओढू नका, सिलिंडर फिरला तर बोट आतच पिळतं. ट्रॉली जिथे जात नाही तिथे दोन-चार पावलांपुरता तो थोडा कलता करून तळाच्या कडेवर फिरवत नेतात. एक तळवा वर खांद्यावर, दुसऱ्याने फिरवायचं. हे कुणाकडून तरी रिकाम्या सिलिंडरवर शिकून घ्या. काही जुनी मंडळी दोन हातांत दोन सिलिंडर घेऊन फिरवत नेतात आणि बघणारा थक्क होतो. तसं करू नका. दोन सिलिंडर एकमेकांवर आदळतात तेव्हा मध्ये काय आहे हे त्यांना ठाऊक नसतं.

रांगेत उभे करताना बोटं जाण्याची जागा हीच. नवा सिलिंडर जुन्याला चिकटवताना हात मागच्या बाजूला ठेवा, दोघांच्या मध्ये कधीच नाही. भिंतीची साखळी लावताना आधी सिलिंडर पूर्ण स्थिर करा, मग साखळी. एका हाताने सिलिंडर पेलून दुसऱ्याने आकडा शोधणारे बरेच पाहिले आहेत. दोन माणसं लागतात, म्हणून दोन बोलवा.

आडवा पडलेला सिलिंडर उभा करायचा तर त्याच्या मानेखाली बोटं सारून उचलू नका. आधी पायाने किंवा काठीने थोडा कलवून मानेखाली लाकडाचा तुकडा सरकवा, म्हणजे बोटांना जागा मिळते. मग दोघांनी टोपीच्या बाजूने उचलायचा आणि तिसऱ्याने तळाला पाय लावून तो सरकू द्यायचा नाही. टेम्पोतून उतरवताना खाली जुना टायर टाका. टायरवर पडलेला सिलिंडर उसळतो, तेव्हा उतरवणाऱ्याने दोन पावलं मागे राहायचं, झेलायला पुढे नाही.

उभा सिलिंडर कलंडायला लागला तर सोडून द्या आणि बाजूला व्हा. ६५ किलोंना तुमचा पंजा थांबवणार नाही. टोपी त्यासाठीच बसवायची असते, की पडला तरी व्हॉल्व्ह तुटू नये.

चावीने व्हॉल्व्ह उघडताना चावी सटकली तर बोटांची पेरं समोरच्या लोखंडावर आपटतात. चावी पूर्ण बसली आहे ना ते पाहा, आणि तिला मूठ मारून ढकलण्यापेक्षा उघड्या तळव्याने दाबा. व्हॉल्व्हच्या तोंडासमोर उभे राहू नका. सावकाश उघडा. खाऱ्या हवेने अडकलेला व्हॉल्व्ह हातोडी मारून उघडायचा नसतो, तो खुणेची चिठ्ठी लावून परत पाठवायचा असतो. पेशंटला तातडीने हवा असताना हे सुचत नाही, म्हणून पाळी सुरू होतानाच राखीव सिलिंडर उघडून तपासून ठेवा.

खाट, स्ट्रेचर, लिफ्ट

फाउलर खाटेत, म्हणजे हँडल फिरवून पाठ वर-खाली करता येते त्या खाटेत, बोट जाण्याच्या तीन जागा आहेत. बाजूचा कठडा खाली पाडताना, पाठीचा भाग खाली आणताना, आणि पायाशी असलेलं फिरवायचं हँडल आत दुमडताना. कठडा वरच्या दांड्याला मध्यभागी धरा, दोन्ही टोकांच्या सांध्यांजवळ नाही. पाठ खाली आणण्याआधी खाली वाका आणि पाहा. तुमचा हात नसेल, पेशंटचा असू शकतो. झोपेच्या गुंगीतली म्हातारी आजी कठड्यातून हात बाहेर काढून बसलेली असते. हँडल काम झालं की आत दुमडाच, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याची नडगी फुटते.

अँब्युलन्सच्या स्ट्रेचरचे पाय कात्रीसारखे मिटतात. १०८ ची माणसं ते रोज करतात, तुम्ही नाही. ती सांगतील तिथेच धरा आणि पायांच्या सांध्यांपासून हात लांब ठेवा.

काही जुन्या इमारतींत अजून जाळीच्या दरवाज्याची लिफ्ट आहे. ती जाळी मिटताना तिच्या चौकटी कात्रीसारख्याच बंद होतात. धरायची ती कडेच्या मुठीने, जाळीत बोटं घालून नाही. स्ट्रेचर आत घेतल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंचे हात आत आले का ते लिफ्टमनने नाही, तुम्ही पाहायचं.

पोर्टेबल एक्स-रे, ऑपरेशन टेबल, ऑटोक्लेव्ह

एक्स-रे मशीनची लहान मॉडेलं शंभर किलोंच्या आसपास असतात, मोठी डिजिटल चारशेच्या पुढे जातात. हलवण्याआधी त्याचा हात खाली आणून कुलूप लावा. कुलूप न लावलेला हात उंबरठ्याच्या धक्क्याने उसळतो, आणि त्यातल्या स्प्रिंगला जोर असतो. वायर गुंडाळून आकड्यावर टाका. माझं बोट गेलं तेव्हा मी एका हाताने मशीन ढकलत होतो आणि दुसऱ्याने लोंबणारी वायर सावरत होतो.

ऑपरेशन टेबलचे भाग खालीवर करताना, 'सोडतोय' असं मोठ्याने बोलल्याशिवाय कळ सोडू नये. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने अवजारं निर्जंतुक करायच्या भांड्याचं, झाकण जड आणि तापलेलं असतं. त्याच्यासाठी जाड मोजे वेगळे ठेवा.

एमआरआयच्या खोलीत सिलिंडर, ट्रॉली, व्हीलचेअर, खिशातली कात्रीसुद्धा नेऊ नका. त्याचं चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतं, वीज गेली तरी असतं. २०१८ मध्ये मुंबईत प्राणवायूचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला एक तरुण मशीनकडे ओढला गेला आणि जीव गमावून बसला. खोलीच्या तंत्रज्ञाने तोंडाने परवानगी दिल्याशिवाय उंबरठा ओलांडू नका, मग आत नेणारा कितीही मोठा डॉक्टर असो.

"नाही" कधी म्हणायचं

वादळवाऱ्यात वीज जाते, जनरेटर लिफ्टला पुरत नाही, आणि कुणीतरी म्हणतं, जिन्याने आणा. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने बसवलेल्या एका प्रसिद्ध सूत्रात, सगळी परिस्थिती आदर्श असताना, म्हणजे वजन अंगाजवळ, पकड चांगली, वळायला न लागता, एका माणसाने उचलायची मर्यादा २३ किलो धरली आहे. ओल्या जिन्यावर अंधारात जंबो यातल्या कुठल्याच अटीत बसत नाही. खालच्या मजल्यावर पेशंट आणता येतो का? बी-टाइप पुरतील का? हवेतून प्राणवायू काढणारा कॉन्सन्ट्रेटर आहे का? हे प्रश्न सिस्टरला विचारायला घाबरू नका. बहुतेक सिस्टर ऐकतात. ज्या ऐकत नाहीत त्यांनाही निदान चार माणसं बोलवा असं सांगता येतं.

बोट सापडलंच तर

पहिलं काम, दुखण्याकडे न बघता अंगठी आणि बांगडी काढणे. दहा-पंधरा मिनिटांत सूज चढते आणि मग ती बोटाचा रक्तपुरवठा आवळते.

कातडी फुटली नसेल तर हात छातीच्या वर धरा आणि कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा. चोळू नका, ओढून 'सरळ' करू नका. फुटली असेल तर वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, गॉज ठेवून घट्ट दाबा, हात वर. हळद-चुना, कॉफी पावडर, मशीनचं तेल यातलं काही जखमेत घालू नका, डॉक्टरला नंतर तेच उकरून काढावं लागतं.

मग एक्स-रे. आपण दवाखान्यात आहोत, तरी आपल्या माणसांचा एक्स-रे राहून जातो. "बोट हलतंय म्हणजे मोडलं नाही" हे खरं नाही. टोक बधिर असेल, पांढरं किंवा निळसर असेल, शेवटचं पेर स्वतःहून सरळ होत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा. शेवटचं पेर खाली वाकलेलं राहिलं तर ते सरळ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे सलग लावतात. मध्ये एकदा जरी वाकलं तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. नखाखाली काळं रक्त साठून ठणकत असेल तर डॉक्टर नखाला बारीक छिद्र पाडून ते सोडतात. तापवलेल्या पिनेने स्वतः करू नका.

टीडीचं, म्हणजे धनुर्वाताचं, इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा, गंजलेलं लोखंड इथे कमी नाही. आणि ज्या खाटेने जखम झाली तिच्यावर कुणाचं रक्त होतं का, हे विचारायला लाजू नका. असेल तर साबण-पाण्याने धुऊन लगेच कॅज्युअल्टीत कळवा. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात.

तुकडा सुटलाच तर तो शोधा. पुष्कळदा तो मोज्यातच असतो. सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फाला लागू देऊ नका, पाण्यात बुडवू नका. निघण्याआधी फोन करा. बोट जोडणारा सर्जन आत्ता आहे का, एवढंच विचारा. सावंतवाडीकडून गोव्यातलं बांबोळी, रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर, चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराड, अशी आपली सवय असते. पावसाळ्यात घाटात दरड आली असेल तर दोन तास वाया जातात. फोनवर तेही विचारा.

लिहून ठेवा, त्याच दिवशी

अपघाताच्या नोंदवहीत वेळ, जागा, कुठलं सामान, कुठला हात, कुठलं बोट आणि तिथे कोण होतं हे लिहा. नोंदवही नसेल तर साध्या कागदावर अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. ठेकेदारामार्फत लागला असाल तर पहिल्याच दिवशी विचारा की माझा ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, नंबर काय. ती योजना लागू असलेल्या ठिकाणी महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला माणूस तिच्यात बसतो, आणि कामावरच्या दुखापतीने घरी बसावं लागलं तर सरासरी रोजाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. माझ्यासोबतच्या एका मुलाला एका ठेकेदाराने "घरी पडलो असं लिही" म्हणून सांगितलं, आणि त्याने लिहिलं. पुढे दोन महिने त्याला एक रुपया मिळाला नाही.

कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा हिशेब टक्क्यांत दिला आहे. अंगठा पूर्ण गेला तर कमाईच्या क्षमतेचं नुकसान ३० टक्के, तर्जनी १४, मधलं बोट १२, करंगळी ७. हा हिशेब मागायला कागद लागतो, आणि कागद त्याच दिवशीचा लागतो.

परत कामावर येताना

बोट पट्टीतून सुटलं की ते ताठ झालेलं असतं. डॉक्टरांनी सांगितल्यावर, आणि सांगितल्यावरच, कोमट पाण्यात हात घालून सावकाश मूठ मिटा-उघडा, दिवसातून चार-पाच वेळा, थोडी थोडी. दुखतं म्हणून पूर्ण थांबलात तर सांधा तसाच आखडतो. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी असते, ती घ्या. पहिले काही आठवडे सिलिंडर आणि स्ट्रेचरपासून लांब राहायचं. लॅबमध्ये नमुने पोचवणे, केसपेपर आणणे, औषधांच्या खोलीत मदत, असं काम नाव घेऊन मागा, आणि डॉक्टरांकडून "वजन उचलू नये" असं किती तारखेपर्यंत ते लिहून घ्या. चिठ्ठीवर तारीख नसली की तिसऱ्या दिवशी कुणीतरी हाक मारतंच, "अरे, जरा हात लाव रे इकडे."